दादोबांची सुरत

आजच्या व्याख्यानासाठी मी दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे चरित्र निवडले आहे, ते त्यांच्या व्याकरणापेक्षा त्यांच्या नोकऱ्यांकरिता.

१८१४ साली मुंबईत जन्मलेल्या दादोबांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. जावऱ्याच्या नबाबाचे शिक्षक, सुरतेच्या इंग्रजी शाळेतील शिक्षक, मुंबईच्या नॉर्मल वर्गाचे प्रमुख आणि पुढे नगरचे डेप्युटी कलेक्टर, अशी पदे त्यांनी भूषविली. परंतु सुरतेतील त्यांचे मोठे कार्य वेतनाचे नव्हते. १८४४ साली दुर्गाराम मेहताजी आदी सहकाऱ्यांसह त्यांनी मानवधर्म सभा स्थापन केली. जातिभेद व मंत्रतंत्र यांची तेथे उघड चिकित्सा होई. पाचही प्रमुखांची नावे ‘द’ने आरंभ होत, म्हणून ते ‘पाच दद्दा’ म्हणून ओळखले गेले. १८४६ साली दादोबा मुंबईस गेले, १८५२ साली दुर्गाराम राजकोटास गेले आणि सभा मावळली. तोवर मुंबईत परमहंस सभेत तोच विचार रुजला होता.

हे तपशील आपल्यापर्यंत आले, कारण दादोबांनी आत्मचरित्र लिहिले, अ. का. प्रियोळकरांनी ते १९४७ साली प्रकाशात आणले. तापी खोऱ्याच्या लोहमार्गाने खानदेशातून येऊन उधना-लिंबायतच्या यंत्रमागांवर राबलेल्या मराठी माणसांचे आत्मचरित्र कोणी लिहावे? मुलाने मागाऐवजी मेजावर बसावे, ही त्यांची आकांक्षाही इतिहासच आहे. माजी विद्यार्थ्यांनो, आईवडिलांनी कोणकोणती कामे केली, हे त्यांच्या हयातीतच विचारून लिहून ठेवा, एवढीच माझी विनंती.