पिंजऱ्याने न सुटलेला प्रश्न

मुंबईला पाणी पुरविणारा विहार तलाव १८६० साली पुरा झाला आणि तुळशीचा १८७९ साली. ह्या तलावांचे पाणी निर्मळ राहावे म्हणून भोवतालचे डोंगर व रान राखून ठेवण्यात आले. आज आपण ज्याला बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान म्हणतो, त्याचा गाभा हाच. शहराने आपल्या तहानेसाठी रान राखले आणि रानाबरोबर बिबळ्याही राखला गेला. हे मात्र शहराच्या ध्यानीमनी नव्हते. वाघही तिथे होता. विहारच्या बाजूला १९२९ साली एक मारला गेला, तो साष्टीतला शेवटचा मानतात. वाघाला मोठे रान आणि मोठी शिकार लागते. बिबळ्याचे तसे नाही. कुत्रे, शेळी, डुक्कर, कोंबडी, जे मिळेल त्यावर तो गुजराण करतो, आणि असल्या गोष्टी गावाच्या कडेला रानापेक्षा अधिक मिळतात.

इंग्रजी अमलात ह्यावरचा उपाय सोपा होता : मारा आणि इनाम घ्या. १८७५ ते १९२५ ह्या पन्नास वर्षांत हिंदुस्थानात दीड लाखाहून अधिक बिबळे मारले गेले, असा इतिहासकार महेश रंगराजन ह्यांचा हिशेब आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो मार्ग बंद झाला. मग बंदुकीच्या जागी पिंजरा आला. बिबळ्या धरावा आणि दूरच्या रानात नेऊन सोडावा. ह्यात दया होती आणि सोयही होती. गावकऱ्यांची तक्रार मिटे, जनावराचा जीव वाचे. आम्हांलाही हा उपाय प्रथम ऐकला तेव्हा शहाणपणाचाच वाटला होता.

त्याची कसोटी लागली ती जुन्नरात. धरणांचे पाणी आले, ऊस वाढला, आणि उसाच्या फडात बिबळ्याच्या माद्या विऊ लागल्या. २००१ पासून तिथे बिबळे धरून आसपासच्या जंगलांत सोडण्याची मोहीम जोरात चालली. पुढे विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमाखर्च मांडला, तेव्हा निघाले ते असे : मोहिमेपूर्वी माणसांवर वर्षाला सरासरी चार हल्ले होत, मोहिमेच्या काळात ते सतरावर गेले. जिथे जनावरे सोडली त्या बाजूलाही हल्ले वाढले. कारण उघड आहे. अनोळखी मुलखात टाकलेले, पिंजऱ्याने बिथरलेले जनावर स्वस्थ बसत नाही. आणि त्याची मोकळी झालेली जागा दुसरा बिबळ्या घेतो.

ते परत कसे फिरते ह्याचाही एक दाखला आहे. नगर जिल्ह्यातल्या टाकळी ढोकेश्वरला २००९ साली विहिरीत पडलेला एक बिबळ्या काढून, गळ्यात यंत्राचा पट्टा घालून माळशेज घाटात सोडला. त्याला लोक ‘आजोबा’ म्हणू लागले. हे आजोबा हमरस्ते आणि लोहमार्ग ओलांडीत सुमारे १२० किलोमीटर चालून मुंबईच्या दारापर्यंत आले. वाटेत कोणाला बोचकारले नाही. २०११ साली मोटारीच्या धक्क्याने ते मेले.

मुंबईत ह्याच सुमारास काय चालले होते? उद्यानाच्या कडेपर्यंत इमारती आणि झोपड्या भिडल्या होत्या. २००४ साली हल्ल्यांचा कहर झाला. बळींत लहान मुले बरीच होती. पिंजरे लागले, बिबळे धरले गेले, आणि लोकांच्या रागाला काही काळ वाट मिळाली. खरा पालट झाला तो २०११ पासून, जेव्हा उद्यानाचे तत्कालीन संचालक सुनील लिमये ह्यांनी अभ्यासक, स्वयंसेवक आणि वृत्तपत्रकार ह्यांना एकत्र बोलाविले. जनावर कुठे न्यावे हा प्रश्न त्यांनी बाजूला ठेवला. कचरा कुठे पडतो, त्यावर किती कुत्री जगतात, पाड्यात दिवा आहे का, पोरे अंधारात शौचास कुठे जातात, हे ते विचारू लागले. बिबळ्या दिसला तर त्याच्याभोवती गर्दी करून त्याला कोंडू नये, हेही समजावून सांगावे लागले. माणसे काठ्या घेऊन धावतात, आणि भेदरलेले जनावर मग समोर येईल त्याला फाडते. हल्ले त्यानंतर खूप उतरले. बिबळे मात्र कमी झाले नव्हते : २०१५ च्या मोजणीत पस्तीस आढळले.

ह्यात एक गोष्ट आमच्या मनाला लागून राहते. पहाटे फिरायला जाणाऱ्या आणि उंच मजल्यावरून बिबळ्याची छायाचित्रे घेणाऱ्या माणसाला ह्या सहवासाचे कौतुक स्वस्तात मिळते. ज्याच्या दाराला कडी नाही आणि दाराशी दिवा नाही, तो त्याची किंमत भरतो. कचरा इमारतींचा, कुत्री त्या कचऱ्यावरची, आणि कुत्र्यांमागून येणारा बिबळ्या मात्र पाड्याच्या अंगणात. वारली लोक वाघदेवाला पूजतात, म्हणून त्यांची पोरे त्याला वाहायची नसतात.

जुन्नरचा प्रश्न अजून मिटलेला नाही. मुंबईतही मिटला असे म्हणवत नाही. २४ ऑक्टोबर २०२२ रोजी, ऐन दिवाळीच्या पहाटे, आरे वसाहतीत घराबाहेर आलेली दीड वर्षाच्या आतबाहेरची एक मुलगी बिबळ्याने उचलली. ती वाचली नाही. त्यानंतर तिथे पुन्हा पिंजरे लावण्यात आले.