सुलतानाचा पगारी काझी

माझी सगळी नोकरी कोषागारात गेली. त्यामुळे असेल, पण मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याचं प्रवासवर्णन वाचताना योगी, जादूगार आणि गेंडे यांची पानं मी भराभर उलटली आणि पैशांच्या पानांशी येऊन थांबलो. नेमणूक कशावर, पगार किती, कपात किती, बिल कुणी अडवलं, हे सगळं त्याने असं सांगून ठेवलंय की आमच्याकडच्या कुठल्याही अव्वल कारकुनाने मान डोलवावी. दिल्लीचा सुलतान महंमद बिन तुघलक याचा क्रूरपणा सगळ्यांना ठाऊक असतो. तो क्रूरपणा रोजच्या रोज चालायचा कसा आणि भली शिकली-सवरलेली माणसं त्याच्या हाताखाली टिकून का राहायची, ते मला त्याचा काझी झालेल्या या प्रवाशाच्या हिशेबांवरून कळलं.

इब्न बतूता सिंधूकाठी पोहोचला १२ सप्टेंबर १३३३ रोजी. टँजियरहून १३२५ मध्ये हजला म्हणून निघालेला हा माणूस मक्का, येमेन, आफ्रिकेचा किनारा, अनातोलिया, व्होल्गाकाठ असं करत आला होता. वय तिशीच्या आत. आता त्याला नोकरी हवी होती. दिल्लीचा सुलतान परदेशी मुसलमानांना भरभक्कम पगारांवर ठेवतो, हे तोवर सर्वदूर झालेलं होतं. परदेशी माणसाला परदेशी म्हणायचं नाही, ‘अजीज’ म्हणायचं, असा हुकूमच होता. सरहद्दीवरचे बातमीदार येणाऱ्याचं रूप, कपडे, नोकर, घोडे सगळं टिपून वर कळवत. मुलतानला मात्र अजीजांना लिहून द्यावं लागे की आपण राहायला आलो आहोत, परत जायला नाही. कागद काझीसमोर, साक्षीदारांसह.

आणि मग नजराणा. सुलतानापुढे रिकाम्या हाताने जायची सोय नव्हती. नजराणा दिला की सुलतान त्याच्या कितीतरी पट परत देई, हेही पक्कं होतं. हातात पैसे नसतील तर सिंध-हिंदमधले व्यापारी उसने द्यायला बसलेलेच. घोडे, उंट, कपडे तेच पुरवत आणि बक्षीस मिळालं की वसूल करत. आपल्या बतूताने एका इराकी व्यापाऱ्याकडून तीस घोडे आणि बाणांनी लादलेला एक उंट घेतला. म्हणजे दरबाराची पायरी चढण्याआधीच माणूस कर्जात बुडालेला, आणि फेडायचं तर एकाच दारातून फेडता येणार.

सुलतानाची पहिली भेट झाली ८ जून १३३४ रोजी, दिल्लीजवळ तिलपतला. सुलतानाने हात हातात घेतला, फारसीत गोड बोलला. दर गोड वाक्याला पाहुण्याने हाताचं चुंबन घेतलं. सात वेळा घेतलं, असं तो स्वतःच सांगतो. पुढे विचारणा झाली की वजिरी, चिटणिशी, लष्कर, काझीपण, शिक्षकी यांतलं काय जमेल. याने काझीपण निवडलं, आपल्या घराण्याचाच तो धंदा आहे म्हणाला. नाखुषी कुठे दिसत नाही. रोख बारा हजार दिनार आणि वर्षाला बारा हजार दिनार पगारावर दिल्लीचा काझी म्हणून नेमणूक झाली. तेव्हा तो जरा अडखळला: मी मालिकी पंथाचा, इथले लोक हनफी, आणि इथली भाषाही मला येत नाही. सुलतानाकडे उत्तर तयार होतं. बहाउद्दीन मुलतानी आणि कमालुद्दीन बिजनौरी हे दोघे सहायक दिले. काम ते करतील, शिक्का तू मार. असे सही-शिक्क्याचे साहेब मी नोकरीत पाहिलेत, आणि एक लक्षात आलंय की कुठलाही मोठा साहेब नुसत्या सहीसाठी एवढा पगार देत नाही. त्याला माणूस हवा असतो.

हा पगार पदरात पडणं मात्र सोपं नव्हतं. सुलतानाच्या प्रत्येक देणगीतून दहावा हिस्सा खजिन्यात कापला जाई. आमच्या उगमाशी कपातीची ती आजीच म्हणायची. तोवर बतूताचं कर्ज ५५ हजार दिनारांवर गेलं होतं, कारण दरबारी इतमाम फुकट मिळत नाही. शिकारीला सुलतानाबरोबर जायचं तर स्वतःचा तंबू हवा, कनाती हव्या (लाल रंग फक्त सुलतानाचा, बाकीच्यांनी पांढऱ्यावर निळी नक्षी), तंबू वाहणारे, गवत कापणारे, पालखीचे भोई हवे. सावकार दारात उभे राहिले तेव्हा याने सुलतानाच्या स्तुतीचा अरबी कसीदा लिहिला. तेवढ्यावर न थांबता सावकारांनाच सांगून ठेवलं की मी महालात शिरताना रिवाजाप्रमाणे मला सुलतानाची दुहाई घालून अडवा. त्यांनी भर दरवाजात अडवलं, बोंब आत गेली आणि सुलतानाने देणं अंगावर घेतलं. कर्जरोखे तपासून आले तेव्हा तो हसला, म्हणाला की हा काझी आहे, कागद पक्केच करून ठेवले असणार.

पुढचं मी दोनदा वाचलं. मंजुरी झाली, पण खजिन्याकडच्या अधिकाऱ्याने हुकूम लिहायला लाच मागितली. बतूताने दोनशे टंके पाठवले. ते परत आले. नोकराकडून कळलं की भाव पाचशे आहे. याने नाही म्हटलं. बातमी वजिराकडे गेली. वजिराचं आणि त्या अधिकाऱ्याचं जमत नव्हतं, म्हणून ती सुलतानापर्यंतही गेली. सुलतान भडकला, अधिकाऱ्यावर नजर बसली आणि चौकशी होईपर्यंत पैसेही अडकले! सहाशे-सातशे वर्षांपूर्वीची फाईल, पण तिच्यावरचा एकही शेरा मला परका वाटला नाही.

बतूताची वर्षाच्या आतली मुलगी दिल्लीत आल्यावर दीडेक महिन्यातच वारली. सुलतान दहा दिवसांच्या वाटेवर शिकारीला होता. डाकेने बातमी गेली आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याचा हुकूम परतही आला. तिसऱ्या दिवसाचा विधी सरकारी इतमामाने झाला. बापाला काय वाटलं ते त्याने लिहिलेलं नाही.

महालाच्या दरवाजापाशी दुसरा हिशेब पडलेला असे. ज्यांना मारायचं त्यांना तिथेच मारत, आणि प्रेतं तीन दिवस तशीच ठेवत. एकदा बतूताचा घोडा पुढचं काही पांढरं पाहून बुजला. हे काय म्हणून विचारलं तर सोबतचा म्हणाला, माणसाचं धड आहे, तीन तुकडे केलेत. आणि हाच सुलतान काझीसमोर पायी, निःशस्त्र गेल्याचंही त्याने लिहिलंय. एका पोराला अन्यायाने मारलं म्हणून त्याच पोराच्या हातात छडी देऊन सुलतानाने स्वतःला एकवीस फटके मारून घेतले. टोपी उडाली तरी थांबला नाही. मला हे दुसरं दृश्य पहिल्याइतकंच भयंकर वाटतं. नेहमी क्रूर असणाऱ्या धन्याजवळ कसं वागायचं ते नोकर शिकून घेतो. मीही एका साहेबांच्या हाताखाली काही वर्षं काढली. आत जाण्याआधी आम्ही शिपायाकडे डोळ्यांनीच विचारायचो, हवा कशी आहे. तिथे फार तर बदली व्हायची.

बतूताची अडचण घरातूनही होती. त्याने दिल्लीत जिच्याशी लग्न केलं, त्या हूरनसबचे वडील शरीफ जलालुद्दीन अहसन दूर दक्षिणेत, मदुरेला बंड करून सुलतान होऊन बसले. बंडखोराचा जावई राजधानीत काझी. तरी काही वर्षं निभावलं. दुष्काळात दिल्लीकरांना सहा महिन्यांचं धान्य द्यायचं ठरलं, तेव्हा काझी आणि अमलदार गल्लोगल्ली फिरून याद्या करत होते. कामाची अशीही बाजू होती, ती वगळणं बरोबर नाही.

गाडी रुळावरून घसरली ती शेख शिहाबुद्दीन नावाच्या एका साधुपुरुषापायी. सुलतानाचा हट्ट असा की साधुपुरुषांनीही दरबारी चाकरी करावी. शिहाबुद्दीनने साफ नकार दिला. सुलतानाने शेजारी उभ्या असलेल्या जियाउद्दीन सिमनानी नावाच्या विद्वानाला सांगितलं, याची दाढी उपट. तो म्हणाला, मी नाही उपटणार. मग दोघांच्याही दाढ्या उपटल्या. जियाउद्दीनला तेलंगणात धाडलं आणि शिहाबुद्दीनला आमच्या दौलताबादला, सात वर्षांसाठी.

१३२७ मध्ये देवगिरीचं दौलताबाद करून सुलतानाने दिल्लीकरांना इकडे हाकललं, ती गोष्ट किल्ल्यावर कुठलाही गाईड सांगतो: आंधळ्याला फरफटत आणलं आणि पोहोचला तो फक्त त्याचा पाय. ती गोष्ट बतूताचीच, पण ऐकीव. तो त्या वेळी या देशात नव्हता. दिल्ली अगदी ओस पडली असंही नाही, त्याच सुमाराचे संस्कृत शिलालेख तिथल्या नांदत्या वस्तीची साक्ष देतात. पण हाल झाले ते खरेच. इसामी या कवी-इतिहासकाराचे नव्वदीचे आजोबा तिलपतलाच वारले, आणि नातवाने पुढे बहमनी दरबारात बसून तो राग फारसी पद्यात ओतला. दौलताबादला मी अनेकदा गेलोय. किल्ल्याच्या अंधारी या भुयारी वाटेतून वर चढताना मला सुलतानापेक्षा दाढी नसलेला तो शेख आठवतो.

सात वर्षांनी सुलतानाने त्याला मानाने परत बोलावलं आणि काम दिलं थकबाकी वसुलीचं, जे खातं मारहाण करून पैसे काढी. ते सोडून तो दिल्लीबाहेर जमिनीखाली घर खोदून राहिला. पुन्हा बोलावणं आलं तेव्हा म्हणाला, जुलमी माणसाची चाकरी मी करणार नाही. तो शब्द त्याने तोंडावरही मागे घेतला नाही. हालहाल करून त्याचं डोकं उडवलं.

शेखला भेटायला कोण कोण यायचं, हे त्याच्या मुलांकडून वदवून घेतलं होतं. यादीत बतूताचं नाव निघालं. एकदा तो कुतूहलाने ते भुयार पाहायला गेला होता. सुलतानाने चार गुलाम त्याच्याभोवती उभे केले. असा पहारा बसला की माणूस सहसा वाचत नसे. पाच दिवस त्याने पाण्यावर काढले आणि ‘अल्लाह आम्हाला पुरेसा आहे’ या अर्थाचं वचन तेहतीस हजार वेळा म्हटलं. मोजणी त्याचीच. सुटला. मग राजीनामा दिला, होतं नव्हतं ते वाटून टाकलं आणि कमालुद्दीन नावाच्या एका गुहावासी फकिरापाशी पाच महिने राहिला.

नाखुषी जन्मली ती इथे. बाराएक हजारांचा पगार, सात चुंबनं, दारातली धडं या सगळ्यातून ती जागी झाली नव्हती. चार गुलाम पाठीशी उभे राहिल्यावर झाली. मी त्याला हसत नाही. पण त्याला भाबडा बळी ठरवणाऱ्यांशी मला सहमत होता येत नाही.

दरबारातला इतिहासकार जियाउद्दीन बरनी याचं प्रकरण आणखी अवघड. सतरा वर्षं तीन महिने तो सुलतानाचा नदीम होता, सोबत बसणारा, बोलणारा. देवगिरी-गुजरातकडे बंडं उसळली तेव्हा सुलतानाने त्याला विचारलं, तू इतिहास वाचलेला. राजे कोणत्या गुन्ह्यांना देहदंड देत? बरनीने जुन्या ग्रंथातली यादी सादर केली. मनात होतं वेगळंच: ही बंडं तुमच्या शिक्षांमुळेच होतायत, जरा हात आखडा. ते ओठांवर आलं नाही, धन्याच्या रागाची भीती वाटली. हे आपल्याला कळतं, कारण सुलतान १३५१ मध्ये मेल्यावर म्हातारपणी, दारिद्र्यात बसून त्याने ते स्वतः लिहिलं. भीतीने आणि लोभाने आम्ही गप्प राहिलो, अशी कबुली देणारा दरबारी इतिहासकार मला दुसरा आठवत नाही. तोवर दौलताबाद हातचं गेलं होतं आणि १३४७ मध्ये बहमनी राज्य उभं राहिलं होतं.

बतूता दिल्लीतून सुटला तो अर्ज करून नव्हे, नव्या नेमणुकीवर. फकिराच्या वेशात सुलतानापुढे उभा राहून त्याने चाकरी नाकारली, हजची रजा मागितली. मग एक दिवस खोगीर घातलेले घोडे आणि गुलाम दारात आले: चीनला वकील म्हणून जा. या वेळी तो नाही म्हणाला नाही. २२ जुलै १३४२ रोजी निघाला. वाटेत दौलताबादला थांबला, आणि किल्ल्यातल्या कोठडीची हकीकत तिथे कैद भोगलेल्या मलिक खत्ताबकडून ऐकल्याची नोंद आहे: मांजराहून मोठे उंदीर रात्री अंगावर येत, शेजारच्या आजारी कैद्याची बोटं आणि डोळे त्यांनी खाल्ले. पुढे नंदुरबारला त्याला मराठे भेटले, कारागीर, वैद्य, ज्योतिषी. भात, भाज्या आणि तिळाचं तेल खाणारे, दारूला न शिवणारे. एवढ्या वर्णनातही त्याचा सूर हलका झालेला जाणवतो.

कालिकतला वादळात नजराण्याची जहाजं गेली. दिल्लीला परतावं असं क्षणभर वाटलं, मग विचार केला की सुलतान विचारेल, नजराण्यापासून तू वेगळा का झालास? तो परतला नाही. मालदीवला गेला आणि तिथे पुन्हा काझी झाला.

पुढे मायदेशी, मोरोक्कोत परतल्यावर फेजच्या दरबारात त्याने आठवणी सांगितल्या, इब्न जुझय्य या लेखनिकाने त्या १३५५ मध्ये लिहून पुऱ्या केल्या. लोक त्याला थापाड्या म्हणत, हे इतिहासकार इब्न खल्दूनने नोंदवलंय, आणि दाखले दिलेत ते दिल्लीच्या सुलतानाच्या औदार्याचे: सहा महिन्यांचं धान्य, गोफणयंत्रांतून लोकांवर उधळलेली नाणी. फेजच्या ज्या सुलतान अबू इनानने त्या आठवणी लिहवून घेतल्या, त्याचा १३५८ मध्ये त्याच्याच वजिराने गळा आवळला. बतूता तेव्हा जिवंत होता. त्याच मुलुखात कुठेतरी काझीची नोकरी धरून त्याने उरलेली वर्षं काढली.