शेवटचे पान

दिवाळीच्या चार दिवसांत घरोघर पंगती उठतात. लेकी माहेरी येतात, जावयांचा मान होतो, पोराबाळांच्या ताटात दोन लाडू जास्त पडतात. सगळ्यांचे आटोपले की घरातल्या एक-दोघीजणी स्वयंपाकघरात कोपऱ्यात पाने मांडून बसतात. तोवर भाजी तळाला गेलेली असते. याबद्दल कोणी विचारले, तर ‘ही आपली जुनी रीत’ असे उत्तर मिळते. रीत जुनी आहे, यात शंका नाही. परंतु जुन्या ग्रंथांत ती जशी होती तशीच आपण पाळत आलो काय, एवढेच मला येथे पाहावयाचे आहे.

प्राचीन हिंदू घर कसे चालत असे, याची बरीचशी माहिती आपणांस धर्मसूत्रे आणि स्मृती यांतून मिळते. गौतम आणि आपस्तंब यांची सूत्रे इसवी सनाच्या आधीच्या शतकांतली. मनुस्मृती इसवी सनाच्या आगेमागे रचलेली. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासाचा दुसरा खंड १९४१ साली निघाला. त्यात वैश्वदेव, अतिथिपूजा आणि भोजन यांवर स्वतंत्र प्रकरणे आहेत. एक सावधगिरी मात्र ठेवली पाहिजे. हे ग्रंथ पुरुषांनी, तेही बहुधा ब्राह्मणांनी लिहिले. घर कसे असावे हे ते सांगतात. प्रत्येक घर तसेच होते असे नव्हे. तथापि नियम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक खरेखुरे घर असतेच, आणि ते घर या नियमांच्या फटींतून आपल्याला दिसते.

मनुस्मृतीत गृहस्थाच्या घरी हिंसा घडण्याच्या पाच जागा सांगितल्या आहेत : चूल, दळण्या-वाटण्याचा दगड, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर. येथे नकळत किडा-मुंगी मरते, म्हणून त्या दोषाच्या निवारणासाठी रोज पाच महायज्ञ करावेत : ऋषींसाठी अध्ययन-अध्यापन, पितरांसाठी तर्पण, देवांसाठी होम, भूतमात्रांसाठी बळी आणि माणसांसाठी अतिथिपूजा. या पाच जागा पुन्हा एकदा वाचाव्यात. पाचही ठिकाणी सकाळपासून रात्रीपर्यंत राबते ती घरची बाई. पाचही यज्ञांचा कर्ता म्हणून नाव आहे ते मात्र घरधन्याचे.

अन्न शिजले की त्याचा पहिला भाग देवांना अग्नीत पडे. मग घरभर बळी ठेवावयाचे : दाराशी मरुतांना, पाण्यापाशी जलदेवतांना, उखळ-मुसळापाशी वनस्पतींना. म्हणजे घरातले प्रत्येक कामाचे ठिकाण जेवणाऱ्यांत धरलेले होते. संध्याकाळचा बळी पत्नीने द्यावा, पण मंत्राविना, असे मनुस्मृती सांगते. हात तिचा चालतो, वाणी चालत नाही.

यानंतर घराबाहेर जमिनीवर अन्न ठेवावयाचे. ते कुत्र्यांसाठी, कावळ्यांसाठी, किडामुंगीसाठी. आणि त्याच यादीत पतितांची, श्वपचांची आणि दुर्धर रोग्यांचीही नावे आहेत. आपस्तंबही सर्वांना वाटा द्या म्हणतो आणि कुत्री व चांडाळ यांचा उल्लेख एका दमात करतो. आपल्याकडे गोग्रास आणि काकबळी यांचे आपण कौतुक करतो, आणि मुक्या जीवाला घास देणे कौतुकाचे आहेच. पण ज्या हाताने कावळ्याला घास ठेवला, त्याच हाताने माणसाचा घासही उंबऱ्याबाहेर मातीत ठेवला, हेही त्याच पानावर लिहिलेले आहे. एक वाचून दुसरे गाळणे बरे नव्हे.

गावाची कल्पनाही या पंगतीतून उलगडते. अतिथी म्हणजे एक रात्र मुक्कामाला येणारा. आणि एकाच गावात राहणारा माणूस अतिथी होऊ शकत नाही, असे मनु सांगतो. गावातला माणूस पाहुणा नव्हे, तो रोजच्या व्यवहारातला, शेजारचा. पाहुणा तो, जो वेशीबाहेरून, पायी, धुळीने माखून येतो. सूर्य मावळताना असा कोणी दारी आला तर त्याला परत लावू नये. खाणावळी आणि लॉज नसलेल्या काळात रात्रीच्या वाटसरूला हाच काय तो आधार होता. तरी जातीचा क्रम येथेही सुटलेला नाही. ब्राह्मणाच्या घरी वैश्य किंवा शूद्र आला, तर त्याला दयेने जेवू घालावे, पण नोकरांबरोबर.

आता घरातल्या क्रमाकडे वळू. आधी कोणाला वाढावे? गौतमाची यादी अशी : अतिथी, लहान मुले, आजारी, गर्भिणी, सुवासिनी, वृद्ध आणि हाताखालची माणसे. मनुस्मृती तर सुवासिनी, कुमारिका, रोगी आणि गर्भिणी यांना अतिथीच्याही आधी, मागचापुढचा विचार न करता जेवू घाला, असे सांगते. यातली ‘सुवासिनी’ म्हणजे नवी लग्न झालेली लेक किंवा सून, असा अर्थ टीकाकार करतात. आपल्या ‘सवाष्ण’ या शब्दाचे मूळ हेच. बोडणाला, नवरात्रात आपण सवाष्ण जेवायला बोलावतो आणि तिची ओटी भरतो. जुन्या ग्रंथातला हा मान सणापुरता नव्हता, रोजचा होता; आणि परक्या घरच्या सवाष्णीइतकाच स्वतःच्या सुनेलाही होता.

आपस्तंबाचा एक नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. अन्न कमी पडले तर गृहस्थाने स्वतःचे, बायकोचे, मुलाचे पोट मारावे, पण राबणाऱ्या नोकराचे मारू नये. याच आपस्तंबाने आर्यांच्या देखरेखीखाली शूद्रांनी स्वयंपाक करण्यासही मुभा दिली आहे. पुढच्या काळात सोवळ्याओवळ्याचे जे स्तोम माजले, ते पाहता हे वाक्य अनेकांना धक्का देईल.

मग शेवटी कोण जेवावयाचे? मनुस्मृतीचे उत्तर स्पष्ट आहे : पाहुणे, आप्त आणि नोकर जेवल्यावर उरलेले अन्न पती-पत्नींनी खावे. पत्नीने नव्हे, दोघांनी. शेवटचे पान एकटे नव्हते, ती जोडी होती. पती-पत्नींत वाटणी नाही, असे आपस्तंब म्हणतो, त्याच्याशी हे जुळणारेच आहे. घरधनी तो, जो सर्वांच्या मागून जेवतो.

परंतु त्याच मनुस्मृतीच्या पुढच्या अध्यायात पुरुषाने बायकोबरोबर जेवू नये, असाही नियम आहे. महाभारताच्या वनपर्वात द्रौपदी सत्यभामेला सांगते, की पती आणि नोकरचाकर जेवल्याखेरीज मी जेवत नाही. सूर्याने दिलेल्या थाळीची कथा तर घरोघर ठाऊक आहे : द्रौपदी जेवेपर्यंत त्या थाळीतले अन्न सरत नसे. वनवासातल्या एवढ्या मोठ्या गोतावळ्यात शेवटचे पान कोणाचे, हे कथाकाराने स्पष्टच सांगितले आहे.

म्हणजे शेवटच्या दोन पानांतले एक पान पुढे सरकण्याची वाट ग्रंथांतच होती. ती वाट समाजाने धरली, आणि उलट दिशेचे नियम मात्र पोथीत राहिले, असे माझे मत आहे. गर्भिणीला आधी, नोकराला पोटभर, नवराबायकोला शेवटी, हे तिन्ही नियम तितकेच जुने होते. त्यांतला घरधन्याला अवघड जाणारा भाग तेवढा गळाला. जे उरले, त्याला आपण परंपरा म्हटले.

परंपरा पाळावयाचीच असेल, तर ती पुरती पाळावी. यंदा भाऊबीजेच्या जेवणाला पोरे, पाहुणे, आजी-आजोबा आणि कामाला येणाऱ्या बाई जेवून झाल्या, की घरधन्याने आपले पान मागे ठेवून पाहावे. आणि ते एकटे मांडू नये.