साडेली: सुरतेच्या चिकटवलेल्या नक्षीची बाजू

साधं लाकडी तबक रंगवलं किंवा त्यावर नक्षीचा कागद चिकटवला, की ती हलकी कारागिरी ठरते. कोरलेलं ते अस्सल, चिकटवलेलं ते वरवरचं, ही समजूत आपल्याकडे घट्ट आहे. तिला सर्वांत चोख उत्तर सुरतेने दिलं आहे. मराठी वाचकाला सुरत आठवते ती १६६४ आणि १६७० च्या स्वाऱ्यांमुळे, पण याच शहरात साडेली नावाची कला नांदली. तिथल्या पेट्या, तबकं, लिहिण्याची मेजं नक्षीने मढलेली असत आणि ती नक्षी लाकडात कोरलेली नव्हती, सरसाने वर डकवलेली होती.

साडेलीचं खरं काम लाकूड मढवण्याच्या आधीच झालेलं असतं. हस्तिदंत, शिसवी, चंदन, तांबडं पतंगाचं लाकूड, हिरवं रंगवलेलं सांबरशिंग आणि कथलाच्या बारीक तारा यांच्या तिकोनी कांड्या तासायच्या, ठरल्या क्रमाने एकमेकींना भिडवायच्या, सरस लावून दोऱ्याने आवळून बांधायच्या. अशा छोट्या जुड्यांची मोठी जुडी होते. ती वाळली की आडवी करवत चालवून पातळ चकत्या काढायच्या. अळूवडीचा उंडा कापावा तशी प्रत्येक चकतीत तीच नक्षी उतरते. या चकत्या शेजारी शेजारी लावून पेटीचा पृष्ठभाग भरतात आणि घासून चकचकीत करतात. एका कांडीचा कोन किंचित चुकला तर ती चूक त्या जुडीतून निघालेल्या प्रत्येक चकतीत दिसते. कोरणाऱ्याला अशी चूक पुढच्या टवक्यात सावरून घेता येते, साडेलीवाल्याला ती सोय नाही. म्हणून चिकटवणं म्हणजे कष्ट वाचवणं, हे म्हणणं इथे टिकत नाही. उलट, एकदा नेमकी जमवलेली नक्षी अनेक वस्तूंवर पुरवणं ही या कलेची बुद्धी आहे आणि छापील कागदामागेही तीच बुद्धी आहे.

यावर एक आक्षेप असा की ही कला सुरतेची नव्हेच. भारतीय कलांचे इंग्रज अभ्यासक जॉर्ज बर्डवुड यांनी १८८० च्या आपल्या ग्रंथात ती शिराझहून सिंधमार्गे आल्याचं नोंदवलं आहे आणि इराणच्या खातमकारीची रीतही अशीच आहे. उगम परका असेल, ते मान्य. पण आफ्रिकेचं हस्तिदंत आणि दक्षिणेचं चंदन सुरतेच्या बंदरात उतरत होतं म्हणून तर हा धंदा इथे रुजला. दुसरा आक्षेप गिऱ्हाइकाचा. १९ व्या शतकात हा माल मुंबईमार्गे इंग्रजांकडे जाई, विलायतेत त्याला ‘बॉम्बे बॉक्स’ म्हणत, म्हणून ती निर्यातीची कारागिरी, परंपरा नव्हे. हा युक्तिवाद मला पटत नाही. घेणारा परका असल्याने करणाऱ्याचा हात परका होत नाही. शिवाय मुंबईचं नाव लागलं म्हणून सुरतेचं श्रेय का पुसावं?

तिसरा आक्षेप आजचा आहे आणि तो सर्वांत जड आहे: हस्तिदंताशिवाय साडेली ती कसली? १९८९ साली आफ्रिकी हत्तीच्या दंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी ठरली. भारतीय हस्तिदंताचा व्यापार १९८६ च्या कायदादुरुस्तीने आधीच बंद झाला होता आणि १९९१ च्या दुरुस्तीने आयात दंतावरही गदा आली. ही बंदी योग्यच होती. त्या जागी प्लॅस्टिक आणि उंटाचं हाड आलं, रंगाची ऊब थोडी कमी झाली हेही खरं. पण साडेलीचा प्राण सांध्यात आहे, सामानात नाही. आज सुरतेत हे काम जाणणारी घरं बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. तिथे साडेलीची पेटी किंवा तबक घेताना भाव विचारण्याआधी कोपऱ्यावर नजर टाका: दोन पट्ट्या जिथे मिळतात तिथे नक्षी तुटत नसेल, तर सांगितलेली किंमत द्या. तिथे घासाघीस करू नका.