जीप लांबली, खडक लागला

रॉक स्लायडर म्हणजे गाडीच्या दाराखाली, पुढच्या-मागच्या चाकांच्या मधे बसवलेली जाड लोखंडी नळी. लांबून बघणाऱ्याला फूटबोर्डच वाटतो. पण फूटबोर्डला माणसाचं वजन पेलायचं असतं, स्लायडरला गाडीचं. गाडी खडकावर टेकली की पत्र्याऐवजी ही नळी घासत पुढे सरकते, म्हणून स्लायडर.

आता तुम्ही म्हणाल, जीप तर दुसऱ्या महायुद्धातली, मग तेव्हापासून हे का नव्हतं? माझ्या मते उत्तर भूमितीत आहे. विलीज एमबीचा व्हीलबेस होता ८० इंच. १९५३ साली कॅलिफोर्नियात पहिली 'जीपर्स जॅम्बोरी' झाली, तेव्हा ५५ गाड्या आणि १५५ माणसं जॉर्जटाऊनहून रुबिकॉन ट्रेलनं सिएरा नेवाडा ओलांडून लेक टाहोकडे गेली. वाट सगळी ग्रॅनाइटच्या धोंड्यांची. पण अशा आखूड गाडीचं पोट उंचवट्यावर सहसा टेकत नाही.

मग गाड्या लांबल्या. १९७६ च्या सीजे-७ चा व्हीलबेस ९३.५ इंच, १९८४ च्या चेरोकी एक्सजेचा १०१.४. पोटाखाली ९ इंच जागा धरून ढोबळ हिशोब केला, तर गाडी न टेकता ओलांडू शकेल असा उंचवट्याचा कोन ८० इंचाला साधारण २५ अंश येतो, ९३.५ ला २२ आणि १०१.४ ला २०. पाच अंश म्हणजे काही फार नाही असं वाटतं ना? खडकावर तेवढ्यानंच दार उघडेनासं होतं, कारण दाराखालचं रॉकर पॅनेल म्हणजे शेवटी वाकवलेला पत्राच.

त्यातून चेरोकीला वेगळी चेसिसच नाही. बॉडी आणि सांगाडा एकच. सीजेमध्ये नळीचे पाय चेसिसच्या जाड रेलला जोडता येतात, इथे जोडायचे कशाला? मग घरच्या घरी स्लायडर बनवणारे लांबलचक प्लेट तळाच्या पत्र्याला जोडून भार पसरवू लागले. खरं इंजिनियरिंग इथे आहे, नळी निवडण्यात नाही. खडकाचा धक्का शेवटी कुठे जातो, हे आधी ठरवावं लागतं. चेसिस असली तरी रेलवर थेट पाय वेल्ड करणं वाईटच. आधी गोलसर टोकांची प्लेट लावायची, मग तिच्यावर पाय. नाहीतर वेल्डच्या कडेलाच तडा जातो, आणि तो स्लायडरला नाही, चेसिसला.

नळीचं गणितही मजेशीर आहे. पावणेदोन इंच व्यासाची, ३ मिमी जाडीची नळी घ्या आणि तेवढ्याच वजनाचा भरीव गज घ्या. नळी साधारण सातपट ताठर निघते. म्हणून सगळे नळीच वापरतात. फक्त नळाचा जस्तलेपित जीआय पाइप स्वस्त पडतो म्हणून वेल्डरकडे नेऊ नका. जस्ताचा धूर छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो. नळीची टोकं बंद करताना खाली एक बारीक भोकही ठेवायचं, नाहीतर आत साचलेलं पाणी ती आतूनच खाऊन टाकतं.

कंपनीला हे शहाणपण उशिरा आलं. २००३ च्या रँग्लर रुबिकॉनला दाराखाली उठावदार नक्षीच्या प्लेटा आल्या, आणि २००७ च्या मॉडेलला रॉक रेल. म्हणजे गॅरेजमध्ये लोकांनी आधी केलेलं कंपनीनं शोरूममध्ये आणलं. असो.

आपल्याकडे महिंद्रानं १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत माझगावला विलीज जीप जोडायला सुरुवात केली, आणि २०१० ची थार त्याच घराण्यातली. व्हीलबेस २४३० मिमी, म्हणजे पावणेशहाण्णव इंच. चेसिस वेगळी, तेव्हा स्लायडर बसवायला सोपी. अडचण कायद्याची. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं बुल बारवर कारवाई करायला राज्यांना सांगितलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा कडक अर्थ लावला. बुल बार समोरच्या पादचाऱ्याला लागतो, स्लायडरचं तसं नाही, हे मला पटतं. पण आरटीओतल्या साहेबांना ते पटेलच असं नाही. त्यामुळे वेल्ड करण्यापेक्षा बोल्टनं बसणारा, हवा तेव्हा काढता येणारा स्लायडर मी निवडेन, थोडा खुळखुळला तरी चालेल.