नांगराला मत, पण विश्वास?

मागच्या आठवड्यात पैठणला जाणं झालं. नाथसागराच्या धरणावर उभं राहिलं की मला दर वेळी तेच कोडं पडतं. २४ फेब्रुवारी १९७६ ला इंदिराबाईंनी या धरणाचं उद्घाटन केलं. १९७२ चा दुष्काळ लोक विसरले नव्हते, हक्काचं पाणी येत होतं, मुख्यमंत्रीही आपल्याच मराठवाड्याचे, शंकरराव चव्हाण. आणि तेरा महिन्यांत औरंगाबादने निवडून दिलं कुणाला, तर जनता पक्षाच्या बापू काळदात्यांना!

कारण उघड आहे, आणीबाणी. दैनिक 'मराठवाडा'चे संपादक अनंत भालेराव तुरुंगात, छापण्यावर सेन्सॉर, खेड्यापाड्यात नसबंदीची धास्ती. राग राष्ट्रपतींवरही होता. फक्रुद्दीन अली अहमद बाथटबमधूनच वटहुकमावर सही करून देताहेत, हे अबू अब्राहम यांचं व्यंगचित्र अजून लोकांच्या लक्षात आहे.

पण राग होता म्हणजे विरोधकांवर भरवसा होता, असं मात्र नाही. जनसंघ, समाजवादी, लोकदल, संघटना काँग्रेस... सगळे एकाच नांगरधारी शेतकऱ्याच्या चिन्हाखाली! ज्या जगजीवनरामांनी लोकसभेत आणीबाणीचा ठराव मांडला, तेच फेब्रुवारी १९७७ मध्ये या बाजूला आले. आमचे आजोबा मत देऊन घरी आले आणि म्हणाले, "दोन वर्षं टिकले तरी पुष्कळ." महाराष्ट्रात बऱ्याच जणांना तसंच वाटलं असावं. उत्तरेत काँग्रेसचा धुव्वा उडाला, इथे ४८ पैकी २० जागा राहिल्या.

आजोबांचा अंदाज तसा बरोबरच निघाला. मोरारजींचं सरकार जुलै १९७९ मध्ये पडलं. पण मला वाटतं, शंका घ्यायची खरी जागा दुसरीच होती.

जुलै १९७८ मध्ये राज्यात पुलोद सरकार आलं, त्यात जनता पक्षही होता. २७ जुलैला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगाव दलितांची घरं पेटली. ज्या शहरात बाबासाहेबांनी १९५० साली कॉलेज काढलं, तिथे त्यांच्या नावाला विरोध करणाऱ्यांत कोण होतं? गोविंदभाई श्रॉफ. आणि हेच अनंत भालेराव. निजामाशी लढलेली माणसं! दंगल त्यांनी घडवली असं मी मुळीच म्हणत नाही. पण आणीबाणीत गेलेलं स्वातंत्र्य नेमकं कुणाकुणाचं होतं, हा प्रश्न मला त्यांच्याबद्दल आदर असूनही सुटत नाही. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडला.

असो. १९८० च्या निवडणुकीत इंदिराबाई परत आल्या, महाराष्ट्रात ३९ जागा घेऊन. औरंगाबादहून काँग्रेसचे काझी सलीम गेले, उर्दूतले कवी. आजोबांनी त्या वेळी कुणाला मत दिलं, हे शेवटपर्यंत सांगितलं नाही. आजीला माहीत होतं म्हणतात. नाशिकच्या आत्याने तिला कधी विचारलं असेल तर कळवावं!