लाँग लान्स : अमेरिकी नौदलाने अशक्य ठरवलेला पाणतीर

दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांच्या परिसरातील रात्रीच्या लढायांत अमेरिकी नौदलाची जी मोठी हानी झाली, तिला जपानचा ‘प्रकार ९३’ हा पाणतीर, म्हणजेच टॉर्पेडो, बऱ्याच अंशी कारणीभूत होता. जपानी कालगणनेतील २५९३, म्हणजे इ.स. १९३३, या वर्षावरून त्याला हा क्रमांक मिळाला. ‘लाँग लान्स’ हे आज रूढ असलेले नाव मात्र अमेरिकी नौदल-इतिहासकार सॅम्युएल एलियट मॉरिसन यांनी मागाहून दिलेले आहे.

त्या काळचे पाणतीर दाबाखालील हवेवर चालत. हवेचा सुमारे चार-पंचमांश भाग नायट्रोजन असतो. तो ज्वलनास निरुपयोगी असून पाण्यात बुडबुड्यांची पांढरी रेघ सोडतो. शुद्ध प्राणवायू वापरल्यास पल्ला वाढतो आणि रेघ जवळपास दिसेनाशी होते, परंतु इंजिन सुरू होतानाच स्फोट होण्याची भीती असते. जपानी अभियंत्यांनी आरंभी साधी हवा देऊन हळूहळू प्राणवायू सोडण्याची युक्ती काढली. ६१ सेंटिमीटर व्यासाचा, सुमारे ४९० किलो स्फोटके वाहणारा हा पाणतीर ४८ नॉट वेगाने २० किलोमीटर, तर ३६ नॉट वेगाने ४० किलोमीटर जाई. अमेरिकी विनाशिकांवरील ‘मार्क १५’चा पल्ला ४५ नॉट वेगाला साडेपाच किलोमीटरच्या आसपास होता.

टोकियोतील अमेरिकी नौदल प्रतिनिधी हेन्री स्मिथ-हटन यांनी १९४० मध्येच या शस्त्राची माहिती वॉशिंग्टनला कळवली होती. गुप्तवार्ता कार्यालयाने ती नौदलाच्या शस्त्रास्त्र विभागाकडे पाठवली. तेथील तज्ज्ञांनी ती फेटाळली. अमेरिका आणि ब्रिटन यांना जे साधले नाही ते जपानला साधणे शक्य नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. उणीव माहितीची नव्हती. चीनमधून क्लेअर शेनॉल्ट यांनी जपानच्या ‘झीरो’ लढाऊ विमानाविषयी पाठवलेल्या अहवालांचीही अशीच उपेक्षा झाली.

याची किंमत खलाशांनी मोजली. ८-९ ऑगस्ट १९४२ च्या रात्री साव्हो बेटाजवळ जपानी तोफा व पाणतीरांनी तीन अमेरिकी आणि एक ऑस्ट्रेलियन अशा चार अवजड क्रूझर बुडवल्या. एक हजाराहून अधिक माणसे दगावली. ३० नोव्हेंबरच्या तासाफारोंगाच्या लढाईत पाच अमेरिकी क्रूझरांपैकी चारांना पाणतीर लागले आणि ‘नॉर्थॅम्प्टन’ बुडाली. समोर होत्या केवळ आठ जपानी विनाशिका. या लढाईनंतरचा अॅडमिरल कार्लटन राइट यांचा अहवाल विलक्षण आहे: आपल्यासारखे पाणतीर इतक्या अंतरावरून येणे संभवत नाही, तेव्हा ते पाणबुड्यांनी सोडले असावेत, असा तर्क त्यांनी केला. चार जहाजे निकामी झाल्यावरही मोजमापाची पट्टी स्वतःचीच राहिली होती!

१९४३ च्या आरंभी ग्वाडलकनालच्या किनाऱ्यावर एक ‘प्रकार ९३’ हाती लागला व त्याची तपासणी झाली. तरी तिचे निष्कर्ष लढणाऱ्या ताफ्यापर्यंत वेळेवर पोहोचले नाहीत. जुलैमध्ये कुला आखातात ‘हेलेना’ आणि आठवड्याभरात कोलोंबांगाराजवळ ‘ग्विन’ याच शस्त्राने बुडाली.

हे शस्त्र जपानलाही निर्धोक नव्हते. मिडवेच्या लढाईत बॉम्बहल्ल्यानंतर ‘मिकुमा’ या क्रूझरवरील स्वतःच्याच पाणतीरांचा स्फोट झाला. पण जपानच्या चुका अमेरिकेच्या दुसऱ्या गैरसमजावर उतारा नव्हत्या. स्वतःचे पाणतीर उत्तम आहेत हाही भ्रमच होता. ते ठरवलेल्यापेक्षा खोल जात आणि अनेकदा फुटतच नसत. तक्रारी आल्या तेव्हा प्रथम दोष दिला गेला तो खलाशांना.

६ ऑगस्ट १९४३ च्या रात्री व्हेला आखातात फ्रेडरिक मूसब्रुगर यांच्या सहा विनाशिकांनी रडारच्या आधारे पाणतीर सोडले आणि चारांपैकी तीन जपानी विनाशिका बुडवल्या. चौथी ‘शिगुरे’ निसटली. तिच्या सुकाणूला एक अमेरिकी पाणतीर भोक पाडून गेला होता. तो फुटला नव्हता.